जोतीरावांनी ज्यांना पुस्तक अर्पण केलं, त्यांच्या संसदेत तेव्हा कोण बसलं होतं?

कऱ्हाकाठ (धागाकर्ता)

१८७३ साली जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं. पुस्तक अर्पण केलंय ते अमेरिकेतल्या भल्या लोकांना. निग्रो गुलामांना सोडवण्याच्या कामी त्यांनी जी निःस्वार्थ वृत्ती दाखवली तिच्याबद्दल आदर म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवून शूद्र बांधवांना मोकळं करावं या इच्छेने. ही अर्पणपत्रिका आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते. जयंती-पुण्यतिथीला तिच्यावर भाषणंही होतात. पण त्या वर्षी वॉशिंग्टनला, अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये म्हणजे तिथल्या संसदेत, नक्की कोण माणसं बसली होती, हे कुणी सांगताना मी ऐकलेलं नाही. म्हणून हा धागा.

त्रेचाळिसाव्या काँग्रेसचं पहिलं अधिवेशन डिसेंबर १८७३ मध्ये भरलं. प्रतिनिधीगृहात २९२ जागा होत्या. त्यांतल्या सात जागांवर कृष्णवर्णीय सभासद बसले होते. साउथ कॅरोलायनाचे जोसेफ रेनी, रॉबर्ट ब्राउन इलियट, रिचर्ड केन आणि अलोन्झो रॅन्सिअर, मिसिसिपीचे जॉन लिंच, अलाबामाचे जेम्स रॅपिअर आणि फ्लोरिडाचे जोसाया वॉल्स. यांतले रेनी, लिंच आणि वॉल्स जन्माने गुलाम. म्हणजे एकेकाळी कायद्याच्या नजरेत जी माणसं कुणाची तरी मालमत्ता होती, ती आता देशाचे कायदे करत होती.

आणि त्याच सभागृहात जॉर्जियाचे प्रतिनिधी म्हणून अलेक्झांडर स्टीफन्स बसले होते. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या संघाचे हे उपाध्यक्ष. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हीच आमच्या नव्या सरकारची कोनशिला आहे, असं त्यांनी मार्च १८६१ मध्ये सव्हाना शहरात जाहीर भाषणात सांगितलं होतं. जानेवारी १८७४ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा स्टीफन्स विरोधात बोलले. दुसऱ्या दिवशी, ६ जानेवारीला, इलियट उभे राहिले आणि त्यांनी स्टीफन्स यांच्या मुद्द्यांचा एकेक करून समाचार घेतला. सज्जे माणसांनी भरले होते. त्या शतकातला दुसरा कुठलाही संसदीय प्रसंग मला याच्याइतका मोठा वाटत नाही.

हे घडलं कसं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. अमेरिकेच्या राज्यघटनेत प्रतिनिधीगृहाच्या जागा राज्यांना लोकसंख्येप्रमाणे मिळतात. १७८७ मध्ये घटना लिहिताना भांडण झालं ते गुलामांना मोजायचं की नाही यावर. दक्षिणेला ते मोजायला हवे होते, कारण जागा वाढत होत्या. मत द्यायचा प्रश्नच नव्हता. तडजोड निघाली: पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. म्हणजे गुलाम जितके जास्त, तितका मालकाच्या राज्याचा संसदेत आवाज मोठा. एकोणिसाव्या शतकाची पहिली साठ वर्षं ही काँग्रेस अशी बनत होती.

१८६१ मध्ये दक्षिणेचे बहुतेक सभासद राजीनामे देऊन किंवा नुसतेच उठून गेले आणि सभागृहाचा चेहरा एका हिवाळ्यात बदलला. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ च्या डिसेंबरात ते परत आले. निवडून आलेल्यांत कालपर्यंत बंडखोरांच्या बाजूने लढलेले होते, आणि जॉर्जियाने तर पुढच्याच महिन्यात याच स्टीफन्स यांना सिनेटवर, म्हणजे काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहावर निवडलं. पण पहिल्या दिवशी प्रतिनिधीगृहाचे क्लार्क एडवर्ड मॅकफर्सन यांनी हजेरी घेताना दक्षिणेच्या राज्यांची नावंच पुकारली नाहीत. टेनेसीचे होरेस मेनार्ड उठून काही बोलू पाहत होते. ते स्वतः युद्धात उत्तरेच्या बाजूचे होते, पण त्यांनाही बोलू दिलं नाही. ज्याचं नाव हजेरीपटावर नाही, तो सभासद नाही. इतकं साधं.

याचा परिणाम मोठा झाला. दक्षिण बाहेर असल्यामुळे रिपब्लिकन पक्षाकडे दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांशाहून जास्त बळ होतं. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन नकाराधिकार वापरत राहिले आणि काँग्रेस तो मोडून काढत राहिली. १८६६ चा नागरी हक्क कायदा असाच झाला. १८६७ चे पुनर्रचनेचे, म्हणजे दक्षिणेची राज्यं नव्याने उभी करण्याचे कायदेही असेच झाले. त्यांनी दक्षिणेचे पाच लष्करी विभाग पाडले आणि लष्कराच्या देखरेखीखाली काळ्या पुरुषांची मतदार म्हणून नोंदणी सुरू केली. त्या नोंदणीतून पुढे रेनी आले, लिंच आले, इलियट आले.

मला यातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. त्या संपूर्ण शतकात दक्षिणेतल्या काळ्या माणसाची मोजदाद संसदेच्या जागांसाठी झाली. आधी तीन-पंचमांश झाली, नंतर पूर्ण झाली. पण त्याला विचारून, त्याच्या मताने जागा भरल्या गेल्या त्या फक्त मधल्या थोड्या वर्षांत. जोतीरावांचं पुस्तक नेमकं त्या वर्षांत आलं.

इतरांनी भर घालावी.

रानजाई

वाचून सुन्न झाले. इलियटांचं नाव मी आजवर ऐकलंच नव्हतं. आपल्या अभ्यासक्रमात अमेरिका म्हणजे वॉशिंग्टन, लिंकन आणि एकदम मार्टिन ल्यूथर किंग. मधली शंभर वर्षं रिकामी.

एक शंका. गुलामगिरी गेल्यावर तीन-पंचमांशाचं काय झालं? रद्द झालं असेल तर दक्षिणेच्या जागा कमी झाल्या का?

गणिती_काका

रानजाई, उलट झालं, जागा वाढल्या. त्याकडे येतोच. आधी १७९० च्या जनगणनेवरून तीन-पंचमांश काय करत होतं ते दाखवतो, कारण आकडा पाहिल्याशिवाय ते पोटात जात नाही.

व्हर्जिनियात ४,५४,९८३ स्वतंत्र माणसं आणि २,९२,६२७ गुलाम. दर ३३,००० लोकांमागे एक जागा, उरलेला अपूर्णांक सोडून द्यायचा, असा त्या वेळचा नियम. नुसती स्वतंत्र माणसं धरली तर भागाकार १३.८ येतो, म्हणजे १३ जागा. आता गुलामांचे तीन-पंचमांश म्हणजे १,७५,५७६ मिळवा. भागाकार १९.१, जागा १९. सहा जागा गुलामांच्या डोक्यावर.

शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात स्वतंत्र माणसं जवळपास तितकीच, ४,३०,६३६. गुलाम चार हजारांहूनही कमी. त्यांना मिळाल्या १३. आणि अध्यक्ष निवडणारी मतं याच जागांच्या हिशेबाने ठरतात, त्यामुळे फायदा तिथेही. पहिल्या पाच अध्यक्षांपैकी चार व्हर्जिनियाचे होते. हे सगळं एकाच कारणाने झालं असं म्हणत नाही, पण हे कारण मोठं होतं.

आता शंकेचं उत्तर. गुलामगिरी गेली, पाच गुलाम म्हणजे तीन माणसं हा हिशेब संपला, आणि पाच माणसं म्हणजे पाचच माणसं झाली. म्हणजे हरलेल्या दक्षिणेला युद्धाआधीपेक्षा जास्त जागा मिळणार होत्या, आणि काळ्यांना मत न देता! १८६५-६६ मधल्या रिपब्लिकनांची झोप या हिशेबाने उडवली होती. घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचं दुसरं कलम त्यातूनच आलं: ज्या प्रमाणात तुम्ही प्रौढ पुरुषांना मत नाकाराल, त्या प्रमाणात तुमच्या जागा कापू.

इतिहासवेडा

उत्तम धागा. सिनेटबद्दल लिहितो.

सिनेटवरचे पहिले कृष्णवर्णीय सभासद हायरम रेव्हल्स. मिसिसिपीचे. जन्माने स्वतंत्र, नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलचे, धर्मोपदेशक, इलिनॉयच्या नॉक्स कॉलेजात शिकलेले. तेव्हा सिनेटर राज्यांच्या विधिमंडळातून निवडले जात (थेट निवडणूक १९१३ नंतर), म्हणून मिसिसिपीच्या विधिमंडळाने त्यांना पाठवलं. ते वॉशिंग्टनला आले आणि विरोधकांनी हरकत काढली. घटनेप्रमाणे सिनेटर व्हायला नऊ वर्षं नागरिकत्व हवं. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. मग नागरिकत्व मिळालं ते फार तर १८६६ च्या कायद्याने किंवा १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने, आणि नऊ वर्षं कुठे झाली?

जो निकाल मोडून काढायला सहा लाखांहून जास्त माणसं मेली, तोच निकाल पुढे करून एका माणसाला दारात अडवायचं! तीन दिवस वाद चालला. २५ फेब्रुवारी १८७० रोजी ४८ विरुद्ध ८ मतांनी रेव्हल्स आत आले.

रेनींचा शपथविधी त्याच वर्षी १२ डिसेंबरला झाला. प्रतिनिधीगृहातले पहिले कृष्णवर्णीय सभासद तेच. व्यवसायाने न्हावी. वडिलांनी पै-पै जमवून कुटुंबाचं स्वातंत्र्य विकत घेतलेलं. युद्धात चार्ल्सटनच्या तटबंदीवर सक्तीने राबवलं, तिथून बायकोला घेऊन बर्म्युडाला निसटले. १८७४ मध्ये सभापतींच्या गैरहजेरीत त्यांनी सभागृहाचं कामकाजही चालवलं.

मृण्मयी_अटलांटा

मी इथे अटलांटात बरीच वर्षं राहते. निवडून येणं आणि बसू देणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे जॉर्जियाइतकं कुठे स्पष्ट दिसत नाही. १८६८ मध्ये जॉर्जियाच्या विधिमंडळात काळे सभासद निवडून आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात गोऱ्या सभासदांनी ठराव करून त्यांना बाहेर काढलं. युक्तिवाद असा की घटनेने यांना मत द्यायचा हक्क दिलाय, पद भूषवायचा नाही. हेन्री मॅकनील टर्नर यांनी तेव्हा केलेलं भाषण प्रसिद्ध आहे. मी तुमच्यापुढे हांजी हांजी करणार नाही, माझे हक्क मागायला आलोय, असा त्याचा सूर. राज्याच्या विधानभवनाच्या आवारात त्या सभासदांचं शिल्प आहे. इथे कुणी पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम तिथे नेते.

राष्ट्रीय पातळीवरही तेच. लुइझियानाचे जॉन विलिस मेनार्ड १८६८ मध्ये प्रतिनिधीगृहावर निवडून आले, पण सभागृहाने त्यांना जागा दिली नाही. २७ फेब्रुवारी १८६९ ला स्वतःची बाजू मांडायला ते उभे राहिले, आणि त्या सभागृहात बोलणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. बोलले आणि परत गेले. लुइझियानाचेच पिंचबॅक सिनेटवर निवडून आले. त्यांचं प्रकरण तीन वर्षं लोंबकळत ठेवून १८७६ मध्ये ३२ विरुद्ध २९ मतांनी त्यांना नाकारलं.

दंडकारण्य

धागा माहितीपूर्ण आहे, पण दुसरी बाजूही यावी. मी जुन्या इंग्रजी पुस्तकांत वाचलंय की पुनर्रचनेच्या काळातली दक्षिणेतली सरकारं भ्रष्ट होती, तयारी नसलेल्या लोकांच्या हातात सत्ता गेली आणि म्हणून तो प्रयोग फसला. त्यात काहीच तथ्य नाही का? शिवाय २९२ मध्ये सात म्हणजे किती? अडीच टक्क्यांच्या आत. त्यावरून एवढा निष्कर्ष काढता येतो का?

इतिहासवेडा

दंडकारण्य, ही जुनी पुस्तकं ज्या परंपरेतली आहेत तिचं केंद्र न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ होतं. तिथले प्राध्यापक विल्यम डनिंग आणि त्यांचे विद्यार्थी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच मांडणी रुजवली. काळ्यांचं मत काढून घेणं योग्यच होतं, असं वाटायला लावणारा तो इतिहास होता. त्याला सर्वांत भक्कम उत्तर दिलं कृष्णवर्णीय इतिहासकार ड्यू बॉईस यांनी १९३५ मध्ये, आणि पुढच्या इतिहासकारांनी डनिंग यांची मांडणी जवळपास सगळी मोडीत काढली.

डनिंग कोलंबियात होते त्याच काळात, १९१३ ते १९१६, बाबासाहेब तिथे शिकत होते. आणि १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे जे निवेदन दिलं होतं त्याच्या प्रती मागितल्या होत्या.

भ्रष्टाचाराबद्दल. दक्षिणेत तो होता, हे खरंच. पण तेव्हा देशभर होता. १८७३ च्या फेब्रुवारीत रेल्वे बांधकाम कंपनीच्या शेअर वाटपाच्या क्रेडिट मोबिलिए प्रकरणात प्रतिनिधीगृहाने ज्या दोघांवर ठपका ठेवला, ते ओक्स एम्स मॅसॅच्युसेट्सचे आणि जेम्स ब्रुक्स न्यूयॉर्कचे. दोघेही गोरे, दोघेही उत्तरेचे. त्यावरून उत्तरेतल्या गोऱ्यांचं मत काढून घ्यावं असं कुणी म्हटलं नाही. आणि ज्यांना तयारी नसलेले म्हटलं गेलं, त्यांनी साउथ कॅरोलायनाची १८६८ ची घटना लिहिताना सर्वांसाठी सरकारी शाळांची तरतूद केली.

कऱ्हाकाठ

दंडकारण्य, सातच्या आकड्याबद्दल तुम्ही विचारलंत ते योग्य आहे. १८७० च्या जनगणनेत देशात सुमारे ४९ लाख काळे लोक होते, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या जेमतेम तेरा टक्के. त्या मानाने सात कमीच. पण राज्यवार पाहा. साउथ कॅरोलायनात ७,०५,६०६ पैकी ४,१५,८१४ लोक काळे, आणि त्या राज्याच्या पाच जागांपैकी चार जागांवर काळे सभासद. मिसिसिपीतही बहुसंख्य काळेच, पण सहांपैकी एकच जागा लिंच यांच्याकडे, बाकीचे पाच गोरे. म्हणजे काळ्या मतदारांनी गोऱ्यांनाही भरभरून निवडून दिलं. 'काळ्यांचं राज्य' आलं होतं ही आरोळी किती खोटी होती, ते या एका आकड्यावरून कळतं.

आणि एक. १८७३ मध्ये आपल्या मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात निवडून आलेला एकही माणूस नव्हता, गोरा नाही की काळा नाही. सगळे सरकारने नेमलेले. जोतीराव १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेही सरकारनियुक्त. त्या पार्श्वभूमीवर अलाबामातला किंवा फ्लोरिडातला काळा शेतमजूर राष्ट्रीय संसदेवर आपला माणूस पाठवत होता, हे लक्षात घ्या.

शाळामास्तर

रॅपिअर यांच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. अलाबामाचे हे सभासद कॅनडात शिकलेले. जून १८७४ मध्ये नागरी हक्क विधेयकावर बोलताना त्यांनी सभागृहाला सांगितलं की माँटगोमेरीहून वॉशिंग्टनला यायचं तर हजार मैलांहून जास्त वाट, आणि त्या वाटेवर मला पलंग किंवा जेवण देईल अशी एकही खाणावळ-धर्मशाळा नाही. संसदेचा सभासद हा! याच सभागृहात त्याच्या मताला दुसऱ्या कुणाइतकीच किंमत, आणि बाहेर पडला की गाडीत बसायची चोरी.

ते विधेयक १ मार्च १८७५ ला कायदा झालं. खाणावळी, गाड्या, नाटकगृहं सगळ्यांना खुली. आपल्याकडे १८६८ मध्ये जोतीरावांनी स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. दोन्हीकडे झगडा पाणी, जेवण आणि बसायची जागा यांसाठीच होता. मुलांना मी हे एकत्र शिकवतो, आणि त्यांना ते लगेच समजतं.

१८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

भटकी_मंजिरी

रॉबर्ट स्मॉल्स राहिले की!! माझे सर्वांत आवडते.

चार्ल्सटन बंदरात 'प्लँटर' नावाची दक्षिणेच्या लष्कराची वाफेची बोट. स्मॉल्स त्यावर सुकाणू धरणारे गुलाम. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले असताना स्मॉल्स आणि इतर गुलाम खलाशांनी बोट काढली, वाटेत बायकामुलांना चढवलं, स्मॉल्स यांनी कप्तानाची गवती टोपी घातली, फोर्ट समटरवरून जाताना शिट्टीचे ठरलेले इशारे बरोबर दिले आणि तोफांच्या माऱ्याबाहेर जाऊन पांढरं फडकं लावून बोट उत्तरेच्या नौदलाच्या ताब्यात दिली. वय तेवीस.

युद्धानंतर ब्यूफर्टमधलं आपल्या जुन्या मालकाचं घर त्यांनी विकत घेतलं आणि तिथेच राहिले. १८७५ पासून प्रतिनिधीगृहात, मध्ये खंड पडत पडत १८८७ पर्यंत. त्या खंडांमागचं एक मोठं कारण म्हणजे निवडणुकीत मतपेट्यांची लूट आणि मग सभागृहात दाद मागणं.

दंडकारण्य

कऱ्हाकाठ आणि इतिहासवेडा, क्रेडिट मोबिलिएचा आणि मिसिसिपीचा मुद्दा पटला. पण मग एवढं सगळं उभं राहिलेलं गेलं कसं? पंधरावी दुरुस्ती १८७० ची. वंशावरून मत नाकारता येणार नाही असं घटनेत लिहिलेलं असताना ही माणसं संसदेतून नाहीशी कशी झाली?

वकील_लातूर

दोन टप्प्यांत गेलं. पहिला टप्पा बंदुकीचा, दुसरा कायद्याचा. मी दुसऱ्याबद्दल अधिक लिहितो, कारण तो जास्त शिकण्यासारखा आहे आणि जास्त भीतिदायकही.

बंदुकीचा टप्पा थोडक्यात: कु क्लक्स क्लॅन (दहशत पसरवणारी गोऱ्यांची गुप्त संघटना), मतदानाच्या दिवशी हत्या, १८७६ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या हँबर्गचं हत्याकांड. त्याच वर्षीची अध्यक्षीय निवडणूक वादात सापडली, तडजोड झाली आणि १८७७ मध्ये दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी असलेलं लष्कर मागे घेतलं गेलं. तरीही काळे सभासद लगेच शून्यावर आले नाहीत, हे लक्षात घ्या. मिसिसिपीचे ब्लँच ब्रूस १८८१ पर्यंत सिनेटवर होते. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी सिनेटचं अध्यक्षस्थानही भूषवलं, आणि हे जन्माने गुलाम. (१८७५ मध्ये शपथेसाठी त्यांना पुढे घेऊन जायला त्यांच्याच राज्याचे ज्येष्ठ सिनेटर उठले नाहीत, न्यूयॉर्कचे रॉस्को काँकलिंग उठले.)

मग कायदा आला. मिसिसिपीने १८९० मध्ये नवी घटना केली. दोन डॉलर डोईपट्टी. घटनेचं कलम वाचता यावं, किंवा वाचून दाखवल्यावर समजावून सांगता यावं. समजलं की नाही हे ठरवणार नोंदणी अधिकारी. मताच्या या अटींत कुठेही वंशाचा उल्लेख नाही. १८९८ मध्ये विल्यम्स विरुद्ध मिसिसिपी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं वैध ठरवलं, का तर वंशाचा उल्लेख नाही. लुइझियानाने १८९८ मध्ये आणखी पुढची पायरी गाठली: ज्याला स्वतःला किंवा ज्याच्या बापाला, आजाला १ जानेवारी १८६७ ला मताचा हक्क होता, त्याला शिक्षणाची आणि मालमत्तेची अट माफ. त्या तारखेला तिथे काळ्यांना मतच नव्हतं. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १९०० मध्ये उरले ५,३२०.

गणिती_काकांनी सांगितलेलं चौदाव्या दुरुस्तीचं दुसरं कलम अशा वेळेसाठीच लिहिलं होतं. मत नाकारलंत, जागा कापा. इंडियानाचे एडगर क्रमपॅकर यांनी शतक संपताना तसा प्रयत्न केला, तो हाणून पाडला गेला. ते कलम आजतागायत एकदाही वापरलेलं नाही. परिणाम हा की माणसं पूर्ण मोजून जागा पूर्ण मिळाल्या, आणि त्या जागांवर बसले ते त्याच माणसांचं मत हिरावून घेणारे.

रानजाई

वकीलसाहेब, हा हिशेब म्हणजे तीन-पंचमांशापेक्षाही वाईट झाला. तेव्हा मालकाला निदान दोन-पंचमांश सोडावे तरी लागत होते!

शेवटचा सभासद कोण?

कऱ्हाकाठ

रानजाई, नेमकं बोललात.

शेवटचे जॉर्ज हेन्री व्हाइट, नॉर्थ कॅरोलायनाच्या दुसऱ्या मतदारसंघातले. १८९७ ते १९०१. त्यांच्या काळात सबंध काँग्रेसमध्ये ते एकटेच कृष्णवर्णीय. नोव्हेंबर १८९८ मध्ये त्यांच्याच राज्यात विल्मिंग्टन शहरात गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने निवडून आलेलं नगरशासन उलथवून लोकांना मारलं, आणि पुढे राज्याने मतदारांवर मिसिसिपीसारख्याच अटी लादल्या. जानेवारी १९०० मध्ये व्हाइट यांनी झुंडबळींविरुद्ध विधेयक मांडलं. ते समितीच्या पुढे गेलं नाही. २९ जानेवारी १९०१ ला त्यांचं निरोपाचं भाषण झालं. विषय शेतीखात्याच्या खर्चाचा होता, पण ते आपल्या लोकांबद्दल बोलले. हा निग्रोंचा अमेरिकन काँग्रेसला कदाचित तात्पुरता निरोप आहे, राखेतून उठणाऱ्या फिनिक्ससारखे ते पुन्हा येतील, असं त्यांनी सांगितलं. ते भाषण मी मोठ्याने वाचून पाहिलं. पूर्ण वाचवत नाही.

१८७० ते १९०१ या काळात एकूण २२ कृष्णवर्णीय सभासद झाले, २० प्रतिनिधीगृहात आणि दोन सिनेटमध्ये. निम्म्याहून जास्त जन्माने गुलाम. सगळे दक्षिणेच्या राज्यांतले आणि सगळे रिपब्लिकन, म्हणजे लिंकन यांच्या पक्षाचे.

भटकी_मंजिरी

अर्पणपत्रिकेकडे परत येऊ का? जोतीरावांनी 'भल्या लोकांना' पुस्तक अर्पण केलं आणि तीस वर्षांत त्या लोकांनी हे होऊ दिलं. मग ती स्तुती चुकीची ठरते का? मला यावर सगळ्यांचं मत हवंय.

शाळामास्तर

माझ्या मते नाही. १८७३ पर्यंतचं काम खरं होतं. गुलामी गेली, मत मिळालं, इलियट संसदेत गेले. पुढच्या पिढीने ते राखलं नाही याचा दोष पुढच्या पिढीकडे.

मृण्मयी_अटलांटा

मला इतकं सोपं वाटत नाही. सोडवणाऱ्यांत स्वतः गुलामही होते. युद्धात सुमारे १,८०,००० काळे सैनिक उत्तरेच्या भूदलात लढले. स्मॉल्स यांना कुणी येऊन सोडवलं नाही, ते बोट घेऊन निघाले. 'भले लोक' म्हणताना ही माणसंही डोळ्यांपुढे असायला हवीत.

कऱ्हाकाठ

मृण्मयी, सहमत. अर्पणपत्रिकेत संसदेचा उल्लेख नाही, त्यामुळे जोतीरावांच्या मनात इलियट किंवा रेनी होते असा माझा दावा नाही. पण तिच्यात दोन भाग आहेत. पहिला कौतुकाचा आणि दुसरा आपल्या लोकांना उद्देशून. दुसरा भाग मागणी आहे, आणि ती मागणी अमेरिकेत पुढे काय झालं त्यावर अवलंबून नाही. उलट अमेरिकेचा पुढचा अनुभव पाहिला तर कळतं की मुक्ती झाल्यावर प्रतिनिधित्व राखायची व्यवस्था नसेल तर ती एका पिढीत काढून घेता येते. आपल्या घटनेत लोकसभेच्या राखीव जागा लिहून ठेवल्या गेल्या, तो फरक मला इथे फार मोठा वाटतो.

दंडकारण्य

याच्याशी सहमत. शेवटची विचारणा: व्हाइट म्हणाले तसे परत कधी आले?

इतिहासवेडा

२८ वर्षांनी. १९२८ मध्ये शिकागोतून ऑस्कर डी प्रीस्ट निवडून आले, १९२९ मध्ये बसले. पण ते उत्तरेतून. दक्षिणेतून यायला १९६५ चा मतदान हक्क कायदा व्हावा लागला. १९७३ मध्ये टेक्ससच्या बार्बरा जॉर्डन आणि जॉर्जियाचे अँड्र्यू यंग आले. या धाग्यातल्या राज्यांपुरतं सांगायचं तर मिसिसिपीतून लिंच यांच्यानंतर थेट १९८७ मध्ये माइक एस्पी. साउथ कॅरोलायनातून १८९७ नंतर १९९३ मध्ये जिम क्लायबर्न. व्हाइट यांच्या नॉर्थ कॅरोलायनातून १९९२ च्या निवडणुकीत इव्हा क्लेटन आणि मेल वॉट. सिनेटवर ब्रूस यांच्यानंतर पहिले एडवर्ड ब्रुक, १९६७ मध्ये, मॅसॅच्युसेट्सचे. मिसिसिपीतून सिनेटवर ब्रूस यांच्यानंतर अजून कुणी कृष्णवर्णीय गेलेला नाही.